३१० इंच काठ : लाँगआर्म मशीनवर गोधडीला गोट लावताना

आजीचं इरकल लुगडं सेंट लुईसला आलं ते आईच्या बॅगेतून, लोणच्याच्या बरणीभोवती गुंडाळून. बरणी फुटली नाही. लुगडं मात्र पुढे पाच वर्षं कपाटात पडून होतं. नऊवारी मला नेसता येत नाही, आणि टाकवतही नव्हतं.

एप्रिल २०२४ मध्ये केंटकी राज्यातल्या पडूका गावी गेले. आमच्याकडून गाडीने तीनेक तास. तिथे १९९१ पासून राष्ट्रीय क्विल्ट (म्हणजे इकडची गोधडी) संग्रहालय आहे आणि दर एप्रिलमध्ये क्विल्टचं मोठं प्रदर्शन भरतं. लाँगआर्म, म्हणजे गोधडीचे थर एकत्र शिवायचं मोठं मशीन, चालताना मी पहिल्यांदा पाहिलं ते तिथेच. आपल्या घरच्या मशीनवर मशीन जागेवर असतं आणि कापड आपण सरकवतो. इथे उलटं. बारा फुटी चौकटीवर गोधडी रुळांना ताणून बांधलेली, आणि मशीन चाकांवर. दोन्ही हातांनी मुठी धरून मशीनच गोधडीवरून फिरवायचं. मला एकदम आजी आठवली. तिची गोधडी अंगणात अंथरलेली असायची आणि ती कडेकडेने बूड घासत पुढे सरकायची. गोधडी हलायची नाही, आजी फिरायची.

घरी येताना ठरवलं की लुगड्याची गोधडी करायची आणि शिवण या मशीनवर घालायची. गोट, म्हणजे इकडे ज्याला बाइंडिंग म्हणतात तो, सुद्धा त्याच मशीनवर लावता येतो हे तेव्हा माहीत नव्हतं. यावर मराठीत मला काहीच सापडलं नाही, म्हणून सगळं तारीखवार लिहून ठेवतेय.

वरचा थर जोडण्याबद्दल फार लिहीत नाही. लुगड्याच्या अंगाचे आणि आईच्या दोन सुती साड्यांचे साडेपाच इंची चौकोन कापले, १२ गुणिले १६, एकूण १९२. शिवून साठ बाय ऐंशी इंच झाले. जुनं सुती कापड विरविरीत असतं, त्यामुळे प्रत्येक चौकोनामागे पातळ चिकट अस्तर इस्त्रीने बसवलं. आणि कापायच्या आधी रंग तपासला. लुगड्याचा एक कोपरा कोमट पाण्यात पांढऱ्या फडक्याबरोबर तासभर ठेवला. पहिल्या दिवशी फडकं गुलाबी, तिसऱ्या धुण्याला पांढरं. ही पायरी कुणीही गाळू नका. लाल काठ आणि पांढरी गोधडी एकदा एकत्र धुतली की मग रडून उपयोग नसतो.

आता गोट. साठ बाय ऐंशीचा घेर २८० इंच. कोपरे आणि शेवटचा जोड धरून पुस्तकी हिशेब ३०० इंचांचा. दुकानातून कापड घेतलं तर अडीच इंची आठ पट्ट्या कापून तिरप्या जोडायच्या, म्हणजे सात जोड. मी कागदावर हे मांडत होते आणि समोर लुगडं पडलं होतं. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. काठ सलग! पदराकडचा थोडा भाग सोडून मोजला तर ३१० इंच धड निघाला. टोकं जुळवायचा शेवटचा सोडला तर एकही जोड नाही. लुगड्याला काठ दोन. खालचा, पायाशी घासणारा, विरलेला होता. वरचा, कमरेला खोचला जाणारा, चाळीस वर्षांनंतरही करकरीत. तोच घेतला.

त्यात आणखी एक सोय निघाली. काठाची बाहेरची कड विणतानाच बंद झालेली असते, तिचे धागे सुटत नाहीत. नेहमीचा गोट दुहेरी घडीचा असतो, त्यात कापलेली कड आत लपते. इथे एकेरी पट्टी पुरते. कापलेली कड पुढून शिवायची, पट्टी कडेवरून मागे वळवायची, आणि विणलेली कड मागे सपाट बसवून हाताने टाचायची. पुढून काठाची जेमतेम बारीकशी पट्टी दिसते, मागून जवळजवळ दोन इंच, अख्ख्या गोमी नक्षीसकट. दुकानातल्या बाईंनी सांगितलं की गोधडी सगळ्यात आधी कडेला झिजते, तेव्हा दुहेरी लाव. त्यांचं बरोबर आहे. मी एकेरीच लावला.

मशीन विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. नवं लाँगआर्म म्हणजे साधारण सेकंडहँड गाडीची किंमत. पण इकडे क्विल्टच्या काही दुकानांत ते तासावर भाड्याने मिळतं. अट अशी की आधी त्यांचा वर्ग करायचा. ११ जानेवारी २०२५ ला नाव नोंदवलं, पुढची मोकळी जागा २२ फेब्रुवारीची. वर्ग तीन तासांचा, फी १२५ डॉलर. वर्गानंतर नव्वद दिवसांत मशीन वापरलं नाही तर उजळणी वर्गाचे वेगळे पैसे. भाडं ताशी २५ डॉलर, तेही मंगळवार ते शुक्रवार, दहा ते चार. म्हणजे नोकरी करणाऱ्या बाईने रजा टाकावी, हे न लिहिलेलं कलम.

लिहिलेली कलमंही होती, दोन पानं. सगळी वाचून सही करा, माझ्यासारखी शेवटच्या पानावर उडी मारू नका. मागचं अस्तर वरच्या थरापेक्षा चारही बाजूंनी किमान चार इंच मोठं हवं, नाहीतर मशीनला लावू देणार नाहीत. दोरा त्यांच्या यादीतलाच. जरीवर टीप घालायची नाही (इरकलच्या काठात माझ्या नशिबाने जरी नव्हती). सुई मोजपट्टीवर आपटून मशीनचं टायमिंग, म्हणजे सुई आणि खालच्या दोऱ्याचा मेळ, गेलं तर १५० डॉलर. वेळ रद्द करायची तर ४८ तास आधी. ते १५० डॉलर माझ्या डोक्यात असे बसले की पुढचे दोन महिने स्वप्नात सुया मोडत होत्या.

वर्गात आम्ही चौघी. ज्या मशीनवर शिकलो ते गॅमिलचं होतं, त्यांचा कारखाना याच मिसूरी राज्यात वेस्ट प्लेन्सला आहे. रुळांना लावलेल्या जाड कापडी पट्ट्यांना अस्तर कसं टाचायचं, मधला कापूस आणि वरचा थर कसा मोकळा सोडायचा, खालचा दोरा वर कसा ओढून घ्यायचा, हे शिकवलं. गोटाबद्दल मी विचारलं तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. पहिल्याच वेळेला? करता येतं म्हणाल्या, पण गोधडी चौकटीवर असतानाच कर. एकदा उतरवली की त्यात अर्थ नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गुरुवार २७ मार्च, पहिली रजा. सहा तास घेतले. नुसती गोधडी चढवायला दीड तास गेला, म्हणजे साडेसदतीस डॉलर टाचण्या टोचण्यात. मग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लाटांची साधी नक्षी. मशीनच्या मागे उभं राहून कागदावरच्या रेघेवर लेझरचा लाल ठिपका फिरवायचा, की पुढे सुई तीच नक्षी काढते. पहिल्या दोन ओळी दारू प्यायल्यासारख्या आल्या. तिसरीपासून खांदे खाली आले. चार वाजले तेव्हा तीन ओळी बाकी. शुक्रवारी पुढे चालू ठेवायची सोय आधीच करून ठेवली होती, त्यामुळे गोधडी रात्रभर चौकटीवरच राहिली. सलग दोन दिवस मिळत असतील तर तसेच घ्या.

शुक्रवारी दहा ते दोन अशी वेळ. दोन वाजता दुसरी बाई येणार. उरलेल्या ओळी साडेअकराला संपल्या, वरच्या थराच्या कडेला सुतभर आत कच्ची टीप घातली, आणि मग गोट.

पद्धत सांगते. गोधडी रुळावर गुंडाळलेली असते आणि शेवटी समोर येते ती खालची कड. काठाची उलटी बाजू वर, सुलटी गोधडीवर. कापलेली कड वरच्या थराच्या कडेशी जुळवायची. कापसाच्या किंवा अस्तराच्या कडेशी नाही, ती बाहेर चार-चार इंच पसरलेली असतात. खालच्या कडेच्या मध्याच्या जरा उजवीकडे, बारा इंचांचं टोक मोकळं सोडून सुरुवात. तिथून उजवा कोपरा, मग उजवी बाजू वर, वरची कड, डावी बाजू खाली, आणि परत जिथून निघालो तिथे. घरच्या मशीनवर प्रत्येक कोपऱ्याला अख्खी जड गोधडी फिरवावी लागते. इथे ती जागची हलत नाही, सुई कुठल्याही दिशेला जाते. फक्त एका वेळी समोर पंधराएक इंचच दिसतात. म्हणजे उजव्या बाजूने वर चढताना पाच-सहा वेळा रूळ उलटे फिरवायचे आणि डावीकडून उतरताना तेवढ्याच वेळा सुलटे.

पहिली चूक पाच मिनिटांत केली. सरळ टीप यावी म्हणून जाड अॅक्रिलिकची पट्टी धरतात आणि मशीनचा गोल फूट तिला चिकटून चालवतात. मला पाव इंच आत टीप हवी होती, म्हणून मी पट्टी काठावर, कडेपासून पाव इंच आत ठेवली. चौदा इंच शिवल्यावर वाकून बघते तर टीप काठाच्या अगदी टोकावर, निम्मे टाके हवेत! फुटाचा व्यास अर्धा इंच, सुई त्याच्या मध्यावर, म्हणजे टीप पट्टीपासून पाव इंच लांब पडते. पट्टी आतल्या बाजूने काठावर धरायची असेल तर ती कडेपासून अर्धा इंच आत हवी. मी नंतर खडूने तशी रेघच मारून घेतली. चौदा इंच उसवले. उसवतानाही भाडं चालूच असतं, ताशी पंचवीस.

खालचा उजवा कोपरा चांगला जमला. कोपऱ्याच्या पाव इंच अलीकडे थांबायचं, जागच्या जागी चार बारीक टाके, दोरा तोडायचा. काठ खाली, गोधडीच्या बाहेर, पंचेचाळीस अंशात दुमडायचा, मग ती घडी न सोडता काठ नव्या बाजूने वर वळवून आणायचा, आणि खालचा दोरा पुन्हा वर ओढून पहिल्यापासून सुरू. कोपऱ्यावर बोटाने दाबलेली घडी फूट येईपर्यंत उलगडते, तिथे लाकडी चॉपस्टिक फार कामाला आली. बोट सुईपासून लांब राहतं.

उजव्या बाजूला लागताना एक गोष्ट शिकवणाऱ्या बाईंनी सांगितली म्हणून कळली. गोधडीच्या दोन्ही अंगांना ताण देणारे चिमटे असतात, ते गोट लावताना काढायचे. एक तर त्यांचे पट्टे मशीनच्या वाटेत येतात, आणि दुसरं, ताणलेल्या कडेवर गोट शिवला तर चिमटे सुटल्यावर कड आकसते आणि गोटाला चुण्या पडतात. मी चिमटे काढले तेव्हा कड डोळ्यांदेखत पाव इंच आत सरकली. उरलेला काठ मी भाजीच्या कापडी पिशवीत गुंडाळी करून ठेवला होता आणि पिशवी चौकटीला अडकवली होती. तो खाली लोंबकळला की रुळात जातो. शिवून झालेला भागही प्रत्येक वेळी सपाट करून टाचून मगच रूळ फिरवायचा.

मग वरची कड. इथे सगळं बिनसलं. घरच्या मशीनला खाली दाते असतात, ते कापड पुढे ओढतात, आणि फूट वरून दाबून धरतो. लाँगआर्मला दाते नाहीत. त्याचा फूट टाक्यागणिक उड्या मारतो, आणि पुढे जाताना वरचं कापड ढकलत नेतो. सुती गोटाला हे फारसं जाणवत नसावं. इरकलचा काठ चमकदार, गुळगुळीत. तो फुटापुढे हळूहळू सरकत होता, आणि मला दिसत होता फक्त छोटासा फुगा. पुढे दाबला जाईल असं स्वतःला सांगत राहिले. वरच्या डाव्या कोपऱ्याला पोचले तेव्हा तो फुगा अर्ध्या इंचाची घडी झाला होता. वाजले होते पावणेदोन. दारात दुसरी बाई तिची गोधडी घेऊन उभी. आणि घाईघाईत मी ती घडी कोपऱ्यात कोंबून त्याच्यावर टीप घातली. ते मलाही दिसत होतं, शिकवणाऱ्या बाईंनाही दिसत होतं. कुणी काही बोललं नाही. गोधडी उतरवली, गाडीत टाकली, आणि पार्किंगमध्ये दहा मिनिटं नुसती बसून राहिले.

घरी येऊन कात्री हातात घेतली होती, बाहेरचा कापूस आणि अस्तर कापून टाकू आणि उरलेलं घरच्या मशीनवर उरकू म्हणून. आईचा व्हिडिओ कॉल आला म्हणून कात्री खाली ठेवली. तिला सगळं दाखवलं. ती म्हणाली, "अगं, कच्चा दोरा का नाही घातलास आधी?" तीस हजार डॉलरच्या मशीनपुढे मला हा प्रश्न पडलाच नव्हता.

मग वरची साठ इंच टीप पूर्ण उसवली. जेवणाच्या टेबलावर दोन संध्याकाळ बसून वरची कड, डावी बाजू आणि खालचा उरलेला भाग, मिळून १७० इंच, पांढऱ्या दोऱ्याने लांब लांब टाक्यांनी टाचून घेतला. टाके टिपेच्या जागेच्या बाहेर, अगदी कडेला, म्हणजे नंतर ओढून काढता येतात. इकडच्या बायका यासाठी धुतल्यावर निघून जाणाऱ्या शाळेच्या पांढऱ्या गोंदाचे ठिपके देतात आणि इस्त्रीने वाळवतात. सुती गोटाला तेही चांगलं. या काठावर डाग राहील की काय या भीतीने मी दिला नाही.

पुढची मोकळी वेळ १७ एप्रिलची, गुरुवार, तिसरी रजा.  अस्तर कापलं नव्हतं म्हणून गोधडी पुन्हा चढवता आली. चढवायला पाऊण तास, शिवायला पावणेदोन. टाचलेला काठ जागचा हलला नाही. वरचा डावा कोपरा पुन्हा घातला, या वेळी सावकाश. शेवटी दोन टोकांमध्ये दहा इंच मोकळे ठेवून थांबले, कारण जोड चौकटीवर करायला गेलं की हाताला जागा पुरत नाही. तो घरी हाताने केला.

आता खरं सांगायचं तर शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या ते अगदी बरोबर होतं. गोधडी चौकटीवर असेल तर तिथेच गोट लावण्यात फायदा आहे. ती चौकोनी ताठ असते, खांदा आणि मान दुखत नाही, जड गोधडी ओढावी लागत नाही. पण एकदा उतरवलेली गोधडी फक्त गोटासाठी पुन्हा चढवणं हा शुद्ध हट्ट. माझा हट्ट होता, म्हणून केला. तुम्ही त्या वेळी घरच्या मशीनवर बसा.

कापताना वरच्या थराच्या कडेपासून सुतभर कापूस जास्त ठेवला, म्हणजे गोट पोकळ लागत नाही. मग काठ मागे वळवून हातशिलाई. तासाला पंचवीस इंच हा माझा वेग. २८० इंचांना रोज रात्री तास-पाऊण तास करत दोन आठवड्यांच्या वर गेले. विणलेली कड आत दुमडायची नव्हती, त्यामुळे बोटांना बरं गेलं. चौथ्या रात्री कळलं की थिंबल, म्हणजे शिवताना बोटात घालायची टोपी, हा शोभेचा दागिना नाही. १० मे रोजी शेवटची गाठ मारली.

खर्च ज्यांना हवा त्यांच्यासाठी: वर्ग १२५, मशीनचं भाडं साडेबारा तासांचं ३१२.५०, कापूस ३५, १०८ इंच पन्ह्याचं अस्तर दोन यार्ड ३६, दोरा ८. एकूण ५१६.५० डॉलर आणि तीन रजा. त्याच दुकानात शिवण चौरस इंचाला अडीच सेंट आणि गोट, हातशिलाईसकट, इंचाला चाळीस सेंट या दराने करून मिळालं असतं, म्हणजे १२० अधिक ११२, २३२ डॉलर, वर कापूस-अस्तर. हा हिशेब मी नवऱ्याला दाखवला. तो "बरं" म्हणाला आणि चहा करायला गेला.

जूनमध्ये आई आली. गोधडी पलंगावर नीट अंथरून ठेवली होती, सुलटी बाजू वर. तिने एक टोक धरलं आणि आधी उलटीच केली. मागचा दोन इंची काठ बघून जरा वेळ काही बोलली नाही. मग कडेवरून अंगठा फिरवत फिरवत अख्खी गोधडी फिरली, पहिला कोपरा, दुसरा कोपरा. तिसऱ्याशी थांबली, अंगठा तिथेच दाबून धरला.

"हा उसवलावतास ना गं?"